डीटीएफ प्रिंटरमध्ये पांढरी शाई का अडते? हेड बदलण्याआधी काय तपासावे?

गेल्या काही वर्षांत आपल्या अनेक घरांत टी-शर्ट छपाईचा छोटा धंदा सुरू झाला आहे. साधा सहा रंगांचा इंकजेट प्रिंटर घ्यायचा, त्यात फेरबदल करून घ्यायचे, आणि फिल्मवर डिझाइन छापून ते हीट प्रेसने कापडावर उतरवायचे. यालाच बाजारात डीटीएफ म्हणतात. शाळेचे स्पोर्ट्स टी-शर्ट, क्रिकेट टीमचे जर्सी, दुकानाच्या कामगारांचे युनिफॉर्म अशा ऑर्डरी मिळतात आणि घरबसल्या चार पैसे येतात.

पण या मशीनचा एक जुना आजार आहे. रंगीत शाई नीट चालते आणि पांढरी मध्येच अडते. मग घरात एकच वाक्य ऐकू येते, "हेड गेलं वाटतं." हेड हा मशीनचा सर्वात महाग भाग. नवीन हेड म्हटले की कमाईचे कित्येक महिने गेले.

आमच्याही घरी हे झाले आहे. धाकट्या भावाने मशीन घेतले तेव्हा निम्मे पैसे भाभीने भिशीतून दिले होते. एका शाळेची १२० टी-शर्टची ऑर्डर हातात होती आणि आदल्या रात्री पांढरा रंग येईना. भावाने रात्रभरात अकरा वेळा हेड क्लीनिंग मारले. शाई गेली, वेळ गेला, पांढरा आला नाही. सकाळी फोनवर एकाने सांगितले, हेड बदला. शेवटी कळले ते असे, की दोन दिवसांपूर्वी आम्हीच टेबल हलवताना टाकीच्या बाजूची वाहतुकीची कळ बंद केली होती आणि परत उघडायची राहिली होती. शाई हेडपर्यंत पोहोचतच नव्हती. हेड ठणठणीत होते.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला. पांढरी शाई अडली की आधी कारण शोधायचे, मग हात लावायचा. आम्ही शाळेत विज्ञान शिकवतो, मशीन दुरुस्तीचे दुकान आमचे नाही. पण भावाबरोबर बसून जे तपासले, चुकलो आणि शिकलो, ते क्रमाने इथे देत आहोत.

पांढरीच का अडते?

डीटीएफच्या पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड नावाची पांढरी भुकटी असते. घराच्या भिंतीच्या रंगातही हीच असते. ही भुकटी पाण्यापेक्षा सुमारे चारपट जड आहे. शिवाय काळ्या कापडावर पांढरा दिसायचा तर कण जरा मोठे ठेवावे लागतात, कारण पांढरेपणा येतो तो कणांवरून प्रकाश विखुरल्यामुळे. रंगीत शाईतले कण सहसा यापेक्षा बारीक आणि हलके असतात.

जड आणि मोठा कण द्रवात खाली बसतो, हे मुलांना आम्ही गढूळ पाण्याच्या ग्लासने दाखवतो. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ साली याचा नियम मांडला. कणाचा व्यास दुप्पट झाला तर खाली बसण्याचा वेग चौपट होतो. घराला चुना लावणारा माणूस बादलीत सारखी काठी फिरवत असतो, ते याचसाठी. काठी थांबली की वर निवळी आणि खाली चुना. तुमच्या टाकीतही तेच होते. फरक इतकाच, की इथे चुना टाकीच्या तळाशी तर बसतोच, पण नळीत, डॅम्परमध्ये आणि हेडच्या तोंडाशीही बसतो.

दुसरे कारण म्हणजे पांढरी शाई लागते खूप. फिल्मवर आधी रंग छापला जातो आणि त्यावर पूर्ण डिझाइनभर पांढऱ्याचा जाड थर येतो. म्हणजे शाईचा पुरवठा जरा कमी पडला तरी पहिला फटका पांढऱ्याला बसतो.

तिसरे कारण, मूळ प्रिंटर यासाठी बनवलेलाच नसतो. घरगुती डीटीएफसाठी एप्सन एल १८०० हे मॉडेल फार वापरले गेले. हा फोटो छापण्याचा सहा रंगांचा प्रिंटर. त्याच्या हेडला प्रत्येक रंगासाठी ९० छिद्रे आहेत. फेरबदल करताना काळा, निळा, गुलाबी, पिवळा तसेच ठेवतात आणि फिकट निळा व फिकट गुलाबी या दोन जागांवर पांढरी शाई भरतात. म्हणजे पातळ फोटो-शाईसाठी बनवलेल्या बारीक वाटेतून आपण जड शाई नेतो. फेरबदल केल्यावर कंपनीची वॉरंटीही राहत नाही. त्यामुळे काळजी आपल्यालाच घ्यायची आहे.

शाईचा रस्ता ओळखा

टाकी, नळी, डॅम्पर, हेड, आणि हेडखालची कॅप. शाई याच क्रमाने जाते. डॅम्पर म्हणजे हेडच्या वर बसणारी प्लास्टिकची छोटी डबी. तिच्यात बारीक जाळी असते. कॅप म्हणजे मशीन बंद असताना हेडखाली बसणारी रबरी कड असलेली वाटी. तिला खालून पंपाची नळी जोडलेली असते. हेड क्लीनिंग दिले की हाच पंप कॅपमधून शाई ओढतो.

आपण बहुतेक वेळा थेट हेडवर संशय घेतो. तपास मात्र टाकीपासून सुरू करायचा.

आधी नोझल चेक, तोही नीट

पांढऱ्याचा नोझल चेक पांढऱ्या कागदावर दिसणार नाही. पारदर्शक फिल्मवर छापा आणि फिल्म काळ्या कार्डशीटवर ठेवून उजेडात बघा. एकापाठोपाठ तीन वेळा छापा. तिन्हींवर तारीख आणि वेळ लिहा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. या तीन छापांतूनच अर्धे निदान होते.

छाप काय सांगतो?

१. तिन्ही छापांत त्याच जागेच्या रेषा गायब. ती छिद्रे सुकलेल्या शाईने चोक झाली आहेत. हेडचा खरा चोक तो हाच.

२. दर वेळी वेगळ्या रेषा गायब. हा बहुतेक चोक नाही. शाईत हवा शिरली आहे, किंवा कॅप हेडला नीट चिकटत नाही.

३. सुरुवातीला छान, मोठे डिझाइन छापताना हळूहळू फिके, मग पट्टे. मशीन अर्धा तास थांबवून पुन्हा छापले की परत छान. ही शाईची उपासमार. हेड मागते तितकी शाई येत नाही. डॅम्परची जाळी, दबलेली नळी, बंद कळ किंवा टाकीचे हवेचे भोक, यांपैकी काहीतरी अडले आहे.

४. पांढऱ्याचा अख्खा खण गायब. डॅम्पर रिकामा आहे, नळीत हवेचा मोठा फुगा आहे, किंवा विजेचा दोष आहे.

५. सगळ्या रेषा आहेत, पण पांढरा पातळ आणि राखाडी दिसतो. छिद्रे ठीक आहेत, शाईच निवळली आहे. किंवा आरआयपी सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी पांढऱ्याचे प्रमाण कमी केले आहे. आधी सेटिंग बघा.

६. पांढऱ्यात गुलाबी-निळी झाक येते. कॅपमध्ये शाई साचून एका रंगातून दुसऱ्यात जाते आहे, किंवा वायपर घाणेरडा आहे.

आता एकेक ठिकाण तपासूया.

टाकी आणि शाई

वाहतुकीची कळ असलेल्या मॉडेलमध्ये ती उघडी आहे का, हे सर्वात आधी बघा. टाकीचे हवेचे भोक मोकळे आहे का? ते बंद असेल तर शाई निघते तशी आत पोकळी होते आणि प्रवाह थांबतो. रॉकेलच्या डब्याला एकच भोक पाडले तर रॉकेल गुडगुड करत थांबते, तसेच हे.

टाकी टेबलावर प्रिंटरच्याच पातळीला ठेवा. शाई लवकर यावी म्हणून काही जण टाकी उंचावर ठेवतात. असे केले की शाई हेडमधून थेंबथेंब गळते आणि रंग एकमेकांत मिसळतात. फार खाली ठेवली तर हेडला शाई ओढता येत नाही.

शाई निवळली आहे का, हे बघायची सोपी रीत आहे. डॅम्परच्या बाजूने सिरिंजने थोडी शाई ओढा आणि तिचा एक थेंब काळ्या कार्डशीटवर ठेवा. शेजारी नीट हलवलेल्या बाटलीतला एक थेंब ठेवा. पहिला थेंब पारदर्शक राखाडी दिसला तर टाकीतली भुकटी तळाशी गेली आहे. मग टाकी ढवळा आणि नळीतली जुनी शाई सिरिंजने काढून टाका.

ढवळण्यासाठी छोटी मोटर बसवलेली असेल तर ती खरोखर फिरते का, हे हात लावून नाही तर डोळ्यांनी बघा. मोटर टाकीतली शाई ढवळते, पण नळीतली नाही. म्हणून शाई नळीतूनही फिरवणारा पंप असेल तर अधिक चांगले. बाटली मात्र जोरात हलवून लगेच ओतू नका, फेस होतो आणि फेस म्हणजे हवा. सावकाश उलटसुलट करा, थोडा वेळ थांबा, मग भरा.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पांढऱ्या शाया एकाच टाकीत मिसळू नका. कण वेगळे ठेवण्यासाठी प्रत्येक कंपनी वेगळी रसायने वापरते. ती एकमेकांशी जुळली नाहीत तर शाईच्या गुठळ्या होतात आणि सगळी वाट बंद पडते.

नळी आणि डॅम्पर

टॉर्च लावून नळी पूर्ण बघा. कुठे दबली, वळली किंवा हेडच्या पट्ट्यात अडकली आहे का? फुगे दिसतात का? रात्री नळी भरलेली होती आणि सकाळी शाई मागे गेलेली दिसली, तर एखाद्या सांध्यातून हवा शिरते आहे. डॅम्परच्या जोडाचे रबरी रिंग तपासा.

मग पांढऱ्याचे डॅम्पर काढा. हे काम मशीन बंद करून आणि प्लग काढूनच करायचे. खाली जुने कापड अंथरा. डॅम्परच्या तोंडाला सिरिंज लावून शाई सावकाश ओढा. शाई सहज आली तर डॅम्पर ठीक आहे. जोर लावावा लागला, किंवा फेस आला, तर जाळी भरली आहे. असे डॅम्पर धुऊन वापरण्यापेक्षा बदललेलेच बरे. हेडच्या मानाने ते स्वस्त असते. दोन्ही पांढरे एकदम बदला आणि एक जोडी कायम घरात ठेवा. नवीन डॅम्पर बसवण्याआधी सिरिंजने शाई ओढून त्यातली हवा काढा, नाहीतर दुखणे तसेच राहते.

आमच्या अनुभवात तिसऱ्या प्रकारचा छाप आला की दहात बहुतेक वेळा दोष इथेच सापडला.

कॅप, वायपर आणि पंप

कॅपच्या रबरी कडेवर पांढरी खपली जमते. मग कॅप हेडला घट्ट बसत नाही. बसली नाही की दोन गोष्टी होतात. क्लीनिंग देताना पंप शाईऐवजी हवा ओढतो, आणि रात्रभर हेड उघडे राहून सुकते. फोमच्या काडीला क्लीनिंग सोल्युशन लावून कड पुसा. कानात घालायची कापसाची काडी नको, तिचे तंतू छिद्रात अडकतात. कड फाटली किंवा कडक झाली असेल तर कॅप बदला.

पंप तपासायचा तर हेड बाजूला असताना कॅपमध्ये सोल्युशनचे थेंब भरा आणि मग एक हेड क्लीनिंग द्या. नंतर कॅप रिकामी दिसली पाहिजे. पाणी तसेच राहिले तर पंपाची नळी अडली आहे. अशा वेळी शंभर वेळा क्लीनिंग दिले तरी उपयोग नाही, कारण ओढणारेच कोणी नाही.

आता हेड

वरचे सगळे ठीक असेल आणि तरी त्याच जागेच्या रेषा गायब असतील, तरच हेडकडे वळा.

हेड क्लीनिंग सलग दोन-तीन वेळाच द्या आणि प्रत्येक वेळी नोझल चेक बघा. फरक पडला नाही तर थांबा. प्रत्येक क्लीनिंगमध्ये सगळ्याच रंगांची शाई जाते. ती खालच्या वेस्ट पॅडमध्ये साचते आणि प्रिंटर त्याचा हिशोब ठेवत असतो. हिशोब भरला की मशीन काम बंद करते. भावाच्या त्या रात्रीनंतर आमचेही पुढच्या महिन्यात तेच झाले.

क्लीनिंगने भागले नाही तर भिजवण्याचा उपाय करा. कॅपमध्ये सोल्युशन भरा, हेड त्यावर आणून ठेवा, मशीन बंद करा आणि रात्रभर जाऊ द्या. सकाळी एक क्लीनिंग, मग नोझल चेक. रेषा थोड्या वाढल्या तर दुसऱ्या रात्री पुन्हा हेच करा. सुकलेली शाई जोराने निघत नाही, वेळाने सुटते.

सिरिंजने सोल्युशन सोडायची वेळ आली तर अगदी हलक्या हाताने सोडा. हेडच्या आत विजेने हलणारे अतिशय नाजूक भाग असतात. जोर दिला की आतले थर सुटतात आणि चोक झालेले हेड कायमचे निकामी होते. दुसरे, हेडला जोडलेली पट्टीसारखी केबल भिजू देऊ नका. ती ओली असताना मशीन चालू केले तर शॉर्ट होऊन हेड आणि मुख्य बोर्ड दोन्ही जाऊ शकतात. शंका आली तर केबल काढून पूर्ण कोरडी करा, मगच प्लग लावा.

नळाचे पाणी वापरू नका, त्यातले क्षार छिद्रात बसतात. स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांपैकी काहीही नको. शाई पाण्यावर आधारित असते. अशा द्रवांनी ती फाटते, दुधात लिंबू पिळल्यासारखी. डीटीएफचे क्लीनिंग सोल्युशनच घ्या.

रोजची दहा मिनिटे

सकाळी टाकी ढवळा, पांढऱ्याचा नोझल चेक काढा, मगच ऑर्डरला हात लावा. काम नसले तरी पांढऱ्याचा एक छोटा चौकोन रोज छापा. संध्याकाळी कॅपची कड आणि वायपर पुसा, कॅपमध्ये सोल्युशनचे दोन-चार थेंब टाका.

मशीन नेहमी त्याच्या बटणानेच बंद करा, भिंतीच्या स्विचने नाही. बटणाने बंद केले की हेड कॅपवर जाऊन बसते. स्विच बंद केला तर हेड जिथे असेल तिथेच उघडे राहते. लाइट जाण्याची कटकट असेल तिथे छोटा यूपीएस ठेवा, म्हणजे चालू पान संपवून मशीन रीतसर बंद करता येईल. लाइट गेल्यावर ढवळण्याची मोटरही थांबते, हे लक्षात ठेवा.

खोलीतली हवाही बघा. आर्द्रता ४० ते ६० टक्के असली तर शाई नीट वागते. ती मोजायचे छोटे घड्याळ मिळते. मराठवाडा, विदर्भ, खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी होते की छपाई चालू असतानाच छिद्रे सुकतात. पंख्याचा झोत मशीनवर येऊ देऊ नका, खोलीत पाण्याचे भांडे किंवा ओले कापड ठेवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उलटा त्रास. तिथे पावडर ओल धरते आणि फिल्मवर नको तिथे चिकटते. तो शाईचा दोष नाही, पण लोक हेडला हात घालतात.

ईद, लग्न किंवा गावी जाण्यासाठी आठवडाभर मशीन बंद राहणार असेल, तर घरात राहणाऱ्या कोणालातरी रोजचा नोझल चेक शिकवून जा. ते शक्य नसेल तर पांढऱ्याच्या नळ्या, डॅम्पर आणि हेडमधून शाई काढून सोल्युशन भरून ठेवा. ईदच्या सुट्टीनंतर मशीन "बिघडलेले" सापडते, त्याचे कारण हेच असते.

मेकॅनिकला कधी बोलवावे?

दोन-तीन रात्री भिजवूनही त्याच रेषा गायब असतील. सिरिंजने शाई सहज येते पण छपाईत अख्खा खण उमटत नाही. किंवा जळका वास आला, केबल भिजली. तर स्वतः पुढे जाऊ नका. शेवटच्या प्रसंगी मशीन चालूही करू नका.

मेकॅनिकला फोन करताना "पांढरा येत नाही" एवढेच सांगू नका. तीन नोझल चेकचे फोटो पाठवा आणि या पाच गोष्टी सांगा: शेवटचे चांगले प्रिंट कधी आले, त्यानंतर मशीन किती दिवस बंद होते, शाई बदलली का, डॅम्पर कधी बदलले, आणि आतापर्यंत किती वेळा क्लीनिंग दिले. एवढी माहिती दिली की समोरचा माणूसही अंदाजाने "हेड बदला" म्हणत नाही.

आमच्याकडे आता मशीनशेजारी खिळ्याला एक वही लटकवली आहे. रोजचा नोझल चेक, शाई कधी भरली, डॅम्पर कधी बदलले, सगळे तिच्यात असते. बरेचसे भाभीच लिहिते. टेबल हलवले की पहिली ओळ तीच लिहिते, "कळ उघडली."